नव्या घरात सामान हलवण्याआधी: भोगवटा प्रमाणपत्र कसे वाचावे, कसे मिळवावे

चावी बिल्डर देतो, राहायची परवानगी पालिका देते. पहिल्यांदाच घर घेणारे बहुतेक लोक चावीच्या मागे धावतात आणि परवानगीचे काय, असे विचारल्यावर मिळणाऱ्या ‘फाइल टेबलावरच आहे, पंधरा दिवसांत होऊन जाईल’ या उत्तरावर समाधान मानतात. ही परवानगी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, सगळे जिला ओसी म्हणतात ती. ओसी नसलेल्या इमारतींत माणसे वर्षानुवर्षे राहतात, हे खोटे नाही. पण ती पाण्याला जादा दर मोजतात, नोटिशींच्या धास्तीत राहतात आणि घर विकायला काढले की गिऱ्हाइकाच्या बँकेत अडकतात.

पुढचा मजकूर मुख्यतः महाराष्ट्रातल्या शहरांत नवा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या भूखंडावर घर बांधणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग दिला आहे.

कायद्याचा सांगाडा

मुंबईत १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५३अ आणि इतर महानगरपालिकांत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६३ साधारण एकच गोष्ट सांगतात. बांधकाम पूर्ण झाले की महिनाभरात पालिकेला तशी सूचना द्यायची, तपासणीसाठी इमारत खुली करायची आणि परवानगी मिळेपर्यंत तिथे कोणी राहायचे नाही, कोणाला राहू द्यायचे नाही.

या कलमांत २१ दिवसांचीही तरतूद आहे. सूचना मिळाल्यापासून तेवढ्या दिवसांत आयुक्तांनी नकार कळवला नाही, तर वापराची वाट मोकळी होते. विक्री कार्यालयात तिला ‘डीम्ड ओसी’ म्हणतात आणि फार मोकळेपणाने म्हणतात. असे कोणी सांगितले तर सूचना दिल्याची पालिकेची पोच मागा आणि त्यानंतर त्रुटींचे पत्र आले होते का, तेही विचारा. दोन्हींची कागदोपत्री उत्तरे मिळत नसतील, तर डीम्ड वगैरे काही नाही असे समजून चाला.

१९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका मालकीविषयीचा कायदा, याहून थेट बोलतो. त्याच्या कलम ३ नुसार पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि घेणाऱ्याने घ्यायचाही नाही. बंदी दोघांवर आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याने ओसी मिळवण्याची आणि तिची प्रत ग्राहकांना देण्याची जबाबदारी स्पष्टपणे प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, टाकली.

पायरी १: दाखला देणारे कार्यालय कोणते, ते शोधा

पत्त्यात मुंबई किंवा पुणे असले म्हणजे परवानगी तिथल्या महापालिकेचीच असते असे नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीला एसआरए दाखला देते. म्हाडाच्या अभिन्यासातल्या (लेआउटमधल्या) इमारतींसाठी म्हाडा, नवी मुंबईलगतच्या मोठ्या पट्ट्यात सिडको, पुण्याच्या वेशीबाहेर पीएमआरडीए, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी. बांधकाम परवानगीच्या कागदावर ज्याचे शीर्षक, त्याच्याच कार्यालयातून ओसी येणार. चुकीच्या दारात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर आधी तो हस्तांतरित होण्याची वाट बघावी लागते.

पायरी २: ओसीआधीचे कागद क्रमाने लावा

ओसी हा साखळीतला शेवटाकडचा कागद आहे. मुंबईत आधी आयओडी, म्हणजे अटींसह मिळणारी प्राथमिक मंजुरी, येते. त्यात अटींची लांबलचक यादी असते. मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला. ही सीसी बहुधा आधी जोत्यापर्यंतच मिळते; जोते तपासणी झाली की पुढच्या मजल्यांची वाढीव सीसी निघते. काम संपल्यावर ओसी, आणि सगळ्या अटी पुऱ्या झाल्यावर इमारत पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे बीसीसी. इतर शहरांत नावे थोडी बदलतात, पण परवानगी, जोते, पूर्णत्वाची सूचना, भोगवटा हा क्रम तोच राहतो.

इथे एक हमखास फसगत होते. ‘सीसी आलेली आहे’ हे वाक्य ऐकून काहींना इमारत पूर्ण झाल्याचा दाखला आला असे वाटते. आपल्याकडे सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. ती इमारतीच्या शेवटच्या मजल्यापर्यंत आहे का, हे मात्र जरूर पाहा. ज्या मजल्याला सीसीच नाही, त्याला ओसी कुठून येणार?

यातले बरेच कागद महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर सापडतात. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, त्यामुळे छोट्या इमारतीचे पान नसू शकते. अशा वेळी कागद थेट नियोजन प्राधिकरणाकडून घ्या. आर्किटेक्टने दिलेला ‘फॉर्म ४’ काही जण ओसी म्हणून दाखवतात. काम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाले, असे तो फॉर्म सांगतो खरा, पण सांगणारा आर्किटेक्ट असतो, पालिका नव्हे.

पायरी ३: तपासणीत काय पाहिले जाते, ते समजून घ्या

ओसी म्हणजे इमारतीच्या दर्जाचे प्रशस्तिपत्र, असा समज पसरलेला आहे. पालिकेचा अभियंता टाइल्स ठोकून बघत नाही, नळाचा दाब मोजत नाही, भिंतीची ओल शोधत नाही. बांधलेली इमारत मंजूर नकाशाशी जुळते का आणि परवानगीच्या अटी पाळल्या का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. सांगाडा भक्कम असल्याची हमी स्ट्रक्चरल अभियंत्याच्या दाखल्यावर घेतली जाते. म्हणून ओसी आल्यावरही फ्लॅटची स्वतःची पाहणी चुकत नाही.

जागेवर अभियंता मोजतो ते चारी बाजूंचे समासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडलेली जागा), मजल्यांची संख्या आणि उंची, जिन्याची रुंदी, पार्किंगच्या जागा, बाल्कनी आणि डक्ट. पार्किंगच्या जागी दुकान झाले, तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत खोल्या उठल्या, गच्चीवर पत्र्याची शेड आली, की फाइल परत फिरते.

कागदांचा गठ्ठा वेगळा असतो. अग्निशमन दलाचे अंतिम ना-हरकत प्रमाणपत्र त्यात सगळ्यांत वजनदार. सुरुवातीला मिळालेले ना-हरकत पत्र तात्पुरते असते. काम झाल्यावर दलाचे अधिकारी पंप, पाण्याच्या टाक्या, होज रील, धोक्याची घंटा, जिन्यांचे दरवाजे हे सगळे पाहून अंतिम पत्र देतात. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखीव जागा, म्हणजे रेफ्यूज एरिया, मोकळी ठेवावी लागते. आपल्या इमारतीत ती कुठल्या मजल्यावर आहे आणि तिला कुलूप तर नाही ना, हे पाहायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

लिफ्टचा परवाना पालिका देत नाही. तो राज्याच्या विद्युत निरीक्षक यंत्रणेकडून २०१७ च्या लिफ्टविषयक कायद्याखाली येतो. याशिवाय मलनिस्सारण जोडणी पूर्ण झाल्याचा दाखला, पावसाचे पाणी जिरवण्याची किंवा साठवण्याची व्यवस्था, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडे, मोठ्या प्रकल्पांत सांडपाणी प्रक्रिया केंद्र. मुंबईत कलम २७०अ खाली पाणीपुरवठ्याची सोय असल्याचे प्रमाणपत्रही लागते.

अडते कुठे? वाढीव बांधकामात, थकलेल्या विकास शुल्कात आणि प्रीमियममध्ये, रस्तारुंदीकरणात जाणारा जागेचा पट्टा पालिकेच्या ताब्यात न दिल्याने, अग्निशमनाच्या अंतिम पत्रात. पुनर्विकासात आणखी एक गाठ असते: जुन्या रहिवाशांच्या घरांची पूर्तता न करता विक्रीच्या इमारतीचा दाखला पुढे सरकणे अवघड जाते. त्यामुळे अशा प्रकल्पात फ्लॅट घेताना फक्त आपल्या टॉवरकडे पाहून चालत नाही. मागची पुनर्वसनाची इमारत कितव्या स्लॅबला आहे, तेही बघून यावे.

पायरी ४: ओसीचा कागद स्वतः वाचा

‘ओसी आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे फार सोपे असते. विचारायचे ते असे: कुठल्या विंगची, कितव्या मजल्यापर्यंत, कोणत्या वापराची, कोणत्या अटींवर?

अंशतः भोगवटा, म्हणजे पार्ट ओसी, ही कायदेशीर गोष्ट आहे. मोठ्या प्रकल्पात ए विंग आधी तयार होते, बी विंग दोन वर्षांनी. पहिल्या विंगच्या लोकांना तोवर थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. घोळ होतो तो सोळाव्या मजल्यापर्यंतची पार्ट ओसी दाखवून विसाव्या मजल्याची चावी दिली जाते तेव्हा. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ताडदेवच्या एका ३४ मजली इमारतीतले १७ ते ३४ हे मजले रिकामे करायला सांगितले. खालच्या १६ मजल्यांना दाखला होता, वरच्यांना नव्हता. त्याच इमारतीला अग्निशमन दलाचे ना-हरकत पत्रही नव्हते. त्याआधी वरळीच्या कॅम्पा कोला आवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१३ मध्ये रहिवाशांच्या विरोधात गेले. तिथे मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवले होते आणि त्यांत घरे घेऊन लोक अनेक वर्षे राहत होते.

कागद हातात आला की आधी तारीख आणि जावक क्रमांक पाहा. मग भूखंडाचा सीटीएस (नगर भूमापन) किंवा सर्व्हे क्रमांक करारनाम्याशी ताडून घ्या. विंगचे नाव नीट जुळवा, कारण विक्रीच्या जाहिरातीत टॉवरला एखादे फुलाचे नाव असते आणि पालिकेच्या कागदावर तोच टॉवर ‘इमारत क्र. ३’ असतो. मजल्यांची मोजणीही अशीच फसवी. बिल्डर पार्किंगचे मजले धरून किंवा काही क्रमांक वगळून मजले मोजतो. लिफ्टमधला १८ नकाशात १४ असू शकतो. यासाठी मंजूर नकाशाची प्रत शेजारी ठेवूनच ओसी वाचावी. शेवटी अटी वाचा. त्या बारीक अक्षरांत आणि कंटाळवाण्या असतात, पण ‘अमुक काम पूर्ण केल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला मिळणार नाही’ अशी ओळ तिथेच सापडते. ते काम राहिले तर पुढे ते सोसायटीच्या गळ्यात पडते.

प्रत फोनवर आलेला फोटो असेल तर ती खरी आहे का, हे प्राधिकरणाच्या ऑनलाइन बांधकाम परवानगी प्रणालीत किंवा कार्यालयात जाऊन पडताळा. फोटोत खाडाखोड करायला आता फारसे कसब लागत नाही.

पायरी ५: ‘फिट-आउट’च्या चावीपाशी थांबा

ओसी लांबली की एक गोड प्रस्ताव येतो: दाखला येईपर्यंत फर्निचरचे काम उरकून घ्या, चावी आत्ताच देतो. सोबत एक पत्र सहीसाठी असते. त्यात हा ताबा फक्त आतील कामासाठी आहे, राहायला गेल्यास जबाबदारी ग्राहकाची, आणि उरलेली सगळी रक्कम आताच भरावी, असे लिहिलेले असते.

भाडे आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्या कुटुंबाला हे नाकारणे जड जाते, यात शंका नाही. तरी सही करण्याआधी पैशांचा हिशेब पाहा. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारनाम्यात शेवटची ५ टक्के रक्कम ओसी मिळाल्यावर ताबा देताना द्यायची असते. ओसी वेळेत यावी म्हणून ग्राहकाच्या हातात राहणारी खरी दोरी एवढीच. फिट-आउटच्या पत्रावर ती सोडून देऊ नका. विलंबाचे व्याज मागण्याचा हक्क सोडत आहे, असे एखादे वाक्य पत्रात दडलेले असेल तर ते खोडून, बाजूला सही करूनच पत्र द्या. खोडू देत नसतील, तर त्या चावीची किंमत काय आहे ते कळलेच.

दुसरी अडचण आपणच तयार करतो. ओसी यायच्या आधी सुतार आला, बाल्कनी आत घेतली, स्वयंपाकघराची भिंत पाडली, शेजारचे दोन फ्लॅट एक केले. तपासणीच्या दिवशी अभियंत्याला नकाशात नसलेली रचना दिसते आणि सगळ्या इमारतीची फाइल एका फ्लॅटपायी अडते. आतले काम करायचेच असेल तर रंग, कपाटे, दिवे इथपर्यंत ठेवा. भिंती, ओल्या जागा आणि बाल्कनी यांना हात लावू नका.

आणि फिट-आउटच्या चावीवर राहायला जाऊ नका. एकदा निम्मी इमारत भरली की बिल्डरची ओसी आणण्याची निकड संपते, हे वेगळे सांगायला नको.

पायरी ६: ओसी येतच नसेल तर

आधी नेमके कशासाठी अडले आहे ते शोधा. ‘पालिका देत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. माहिती अधिकाराच्या अर्जात अशा गोष्टी मागा: पूर्णत्वाची सूचना कोणत्या तारखेला आली, त्यावर दिलेल्या त्रुटीपत्राची प्रत, अग्निशमन दलाच्या अंतिम पत्राची स्थिती, थकीत शुल्काचा तपशील. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. या एका अर्जातून जे कळते ते बिल्डरच्या कार्यालयात वर्षभर चकरा मारूनही कळत नाही. पुष्कळदा कळते ते हे, की सूचना कधी दिलीच गेलेली नाही.

बिल्डरने रीतसर अर्ज केला असून कार्यालयच बसून असेल, तर २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम उपयोगी पडतो. भोगवटा प्रमाणपत्र ही त्यातली अधिसूचित सेवा आहे आणि ठरलेल्या मुदतीनंतर अपील करता येते.

दोष बिल्डरचा असेल तर महारेराकडे तक्रार करा. करारात लिहिलेली ताब्याची तारीख उलटली असेल तर रेराच्या कलम १८ खाली प्रकल्पातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाच्या आधार दरावर) आणखी २ टक्के असा ठरतो. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. मुंबईतल्या समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ओसी न मिळवणे ही सेवेतील त्रुटी ठरवली आणि ओसी मिळेपर्यंत ती चालूच राहते असे म्हटले. तिथले रहिवासी ओसीअभावी मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा दराने भरत होते.

डिसेंबर २०२४ मध्ये राजेंद्रकुमार बडजात्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय वीज, पाणी, मलवाहिनीची जोडणी देऊ नये आणि बँकांनीही कर्ज देण्याआधी दाखला तपासावा. पूर्वीची ‘आधी राहायला जा, मीटर येईलच’ ही सोय आता गृहीत धरू नका.

पायरी ७: ओसी आल्यावर

ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणे हे रेराच्या कलम १९ नुसार ग्राहकाचे कर्तव्य आहे. ती मुदत फ्लॅट तपासायला वापरा. न्हाणीघरात पाणी ओतून उतार बघा, खिडक्यांवर बाहेरून पाणी मारून बघा, प्रत्येक सॉकेट तपासा. यादी लेखी द्या आणि पोच घ्या. बांधकामातले दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणले तर बिल्डरने ते ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचे असतात.

तयार फ्लॅट घेत असाल आणि पूर्ण मोबदला ओसीनंतरच देत असाल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असताना घेतलेल्या घरावर तो साधारणपणे ५ टक्के, परवडणाऱ्या घरावर १ टक्का असतो. यामुळेही ओसीवरची तारीख महत्त्वाची ठरते.

सोसायटी स्थापन झाली की बिल्डरकडून मूळ ओसी, मंजूर नकाशे, स्ट्रक्चरल दाखला, लिफ्टचे परवाने आणि अग्निशमनाची अंतिम कागदपत्रे पावती देऊन ताब्यात घ्या. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘ब’ नमुना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन दाखल करावा लागतो. २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ही जबाबदारी मालकांची किंवा रहिवाशांची, म्हणजे व्यवहारात सोसायटीची. ओसीच्या वेळी चालणारा पंप दोन वर्षांनी चालेलच असे नाही.

स्वतःचे घर बांधत असाल तर

बंगला किंवा रो-हाउस बांधणाऱ्याला वाटते, माझ्याच जागेत मलाच राहायचे, दाखला कशाला? दाखला तरीही लागतो. तुमचा आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता पूर्णत्वाची सूचना ऑनलाइन दाखल करतो. लहान भूखंडांसाठी डिसेंबर २०२० पासूनच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जोखमीनुसार सोपी पद्धत आहे. ही नियमावली मुंबई महापालिका हद्दीला लागू नाही. जोते तपासणीचा दाखला मात्र वेळेवर घ्या. जोते चुकीच्या जागी आहे हे स्लॅब पडल्यावर कळले तर दुरुस्तीला वाव राहत नाही. महानगरपालिका हद्दीत मंजुरीबाहेरच्या बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती बसू शकते, आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

काम चालू असताना एखादी खोली वाढवावीशी वाटली तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. आर्किटेक्टचे शेवटचे मानधन ओसी हातात आल्यावर द्यायचे, हे त्याच्याशी काम ठरवतानाच लिहून ठेवा.